"मनाची तयारी तर आधीच झालेली असते" म्हणे!

तो मेसेज काल परत आला. थोडक्यात असा: ज्यांनी घरातल्या आजारी माणसाचं वर्षानुवर्षं केलंय त्यांच्या मनाची तयारी आधीच झालेली असते, म्हणून माणूस गेल्यावर त्यांना त्रास कमी होतो, दुःखाच्या नकारापासून स्वीकारापर्यंत पाच पायऱ्या असतात त्या चढल्या की संपलं, आता तुम्ही मोकळे झालात, कामात मन गुंतवा. खाली नुसते हात जोडलेले इमोजी.

मी आईचं सहा वर्षं केलं, त्यातली शेवटची दोन ती अंथरुणालाच होती, म्हणून बोलते.

पहिलं, तयारीचं. बेडसोअर होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, त्यासाठी मोबाईलला अलार्म. ती गेल्यावर अलार्म काढून टाकले तरी दोनला डोळे उघडायचेच, आणि एकदा तर मी झोपेतच उठून तिच्या खोलीत गेले, पाठीला लावायची उशी हातात घेतली आणि मग दिसलं की पलंगावर चादरसुद्धा नाहीये. मनाची झाली असेल हो तयारी, अंगाची कुठे झाली होती? आणि आधी रडून घेतलं की नंतरचं तेवढं वजा होतं असला हिशोब नसतो. तिला डिमेन्शिया होता. माणूस समोर बसलेला पण हरवलेला, याला पॉलीन बॉस या संशोधक बाईंनी ॲम्बिग्युअस लॉस असं नाव दिलंय. मला ती "तुम्ही कोण?" म्हणाली तेव्हा एकदा गेली, मग परत गेली. दोन्ही वेळा पूर्ण.

पाच पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, पण त्या मरणाला टेकलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नाही. हे फॉरवर्ड करणाऱ्यांना कोण सांगणार! १९९९ मध्ये स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी मांडलेलं मला जास्त पटतं: माणूस दुःख आणि रोजची कामं यांच्यात येरझाऱ्या घालतो. म्हणजे कामात मन गुंतवणं चूक नाही, फक्त तेवढंच करत राहिलात तर अर्धंच झालं.

"मोकळे झालात" यावर मात्र डोकं फिरतं. सुटल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू, मला पहिल्या आठवड्यातच वाटलं आणि त्याचीच इतकी लाज वाटली की कुणाला बोलले नाही. पण सुटलं काय काय? नोकरी आधीच सोडलेली, मैत्रिणींचे फोन कधीच थांबलेले, आणि दिवसाला जो आकार होता, गोळ्या, डायपर, भरवणं, तोही एका दिवसात गेला.

"काळ हेच औषध" असंही लोक म्हणतात, ते बऱ्याच जणांच्या बाबतीत खरंय. पण सहा महिने उलटूनही दुःख तसंच तीव्र आणि रोजचं जगणंच ठप्प, असं असेल तर आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, त्याला वेगळा आजार म्हणून जागा आहे, उपचार आहेत, तेव्हा डॉक्टरकडे जा. सहा महिन्यांनी रडू आलं म्हणजे आजारी असं मात्र नाही हं.

मला मावशीने एवढंच विचारलं होतं, "रात्री अजून जाग येते का गं?" तासभर बोलत होते मी.