पहिलं पान तरी वाचू द्या

आज दादरला गेले होते. कित्येक महिन्यांनी फक्त पुस्तकांसाठी, भाजी नाही फुलं नाही. नव्या कादंबऱ्यांचं टेबल दारातच लावलेलं, बघून इतकं बरं वाटलं, आणि हात लावते तर काय, सगळी पुस्तकं प्लास्टिकमध्ये सीलबंद. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, अरे एक जरा उघडून दे ना, पहिलं पान बघते. तर म्हणे, "घेणार असाल तर फोडतो मॅडम, नाहीतर मागचं वाचा."

मागचं काय वाचायचं? मागे लेखकाचा फोटो आणि कुणा मोठ्या माणसाने केलेलं कौतुक, सगळ्यांच्या मागे तेच. लिहिणाऱ्याची भाषा कशी आहे ते आत कळतं. पहिल्या पानावर पाच-सात ओळी वाचल्या की आपलं आपल्याला समजतं, हे पुस्तक आपल्याबरोबर घरी येणार की नाही ते.

मी दहावीत असताना बाबा पगार झाला की शनिवारी दादरला घेऊन यायचे. एका दुकानात मी एक कादंबरी उचलली, लेखकाचं नाव ना बाबांनी ऐकलेलं ना मी, आणि उभ्या उभ्या वाचत सुटले. बाबा बाहेर जाऊन चहा पिऊन आले तरी मी तिथेच. दुकानाच्या काकांनी काही न बोलता आतून लाकडी स्टूल आणून ठेवलं, एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि म्हणाले, "बस गं, पाय दुखतील." त्या महिन्यात तेवढे पैसे नव्हते. काकांनी माझ्या हातातलं बेस्टचं तिकीट घेऊन वाचत होते त्या पानात घातलं आणि पुस्तक बाजूला काढून ठेवलं, महिनाभर! पुढच्या पगाराला नेलं. ते तिकीट अजून त्यात आहे, आकडे उडालेत.

नावाजलेल्या लेखकांचं सोडा, त्यांची पुस्तकं पोत्यात बांधून ठेवली तरी लोक नाव घेऊन मागतील. प्रश्न नव्यांचा आहे. ज्या मुलीची पहिलीच कादंबरी आलीय, जिला कुणी ओळखत नाही, तिच्याकडे पहिल्या पानाशिवाय आहे काय? आणि तेच तुम्ही बंद करून ठेवता. स्ट्रँड बुक स्टॉलच्या शानभागांची गोष्ट जुन्या वाचकांना माहीत असेल, तरुणपणी एका दुकानात पुस्तकं चाळताना त्यांना हटकलं, तो अपमान जिव्हारी लागला आणि १९४८ साली त्यांनी स्वतःचंच दुकान काढलं, कितीही चाळा, कुणी काही म्हणणार नाही असं. २०१८ ला तेही बंद झालं. त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदी आली, भाजीवाल्या मावशींच्या पिशव्या गेल्या, आणि कादंबऱ्या मात्र प्लास्टिकमध्ये!

मान्य, मुंबईची हवा दमट, पावसाळ्यात पानं फुगतात, बुरशी धरते, वडापावच्या हाताने पुस्तकं हाताळणारेही असतात. मग दहा प्रतींतली एक उघडी ठेवा की! किंमतीचंही रडगाणं गात नाही मी, पुस्तकावर जीएसटी नसला तरी कागदावर आहे, छपाईवर आहे, चारशे-साडेचारशे होणारच. देईन. पण न बघता द्यायचे?

तरी घेतल्या. तीन. न वाचता, नव्या नावांच्या मुद्दाम.

आणि खरा संताप पुढेच आहे. घरी येऊन सुरीने सील कापलं, एक वाचायला घेतली, इतकी सुंदर की गॅसवरचं दूध विसरले, आणि ४८व्या पानानंतर परत ३३वं. एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांचा अख्खा फर्मा दोनदा शिवलाय आणि ४९ ते ६४ गायब. दुकानात फोन केला तर काय उत्तर यावं? "सील फोडलंय ना, मग बदलून मिळणार नाही." अहो, न फोडता आतलं कसं कळणार मला? फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली म्हणून आपण सगळ्यांनी पेढे वाटले, स्टेटस ठेवले, आणि पैसे मोजून घेतलेल्या मराठी कादंबरीची सोळा पानं मागायची तर ही भाषा!

त्या मुलावर राग नाही माझा. विशी-बाविशीचा असेल, दिवसभर उभा असतो, त्याला सांगितलंय तेवढं तो बोलतो. त्यालाही कुणी स्टूल दिलेलं दिसलं नाही.

कादंबरीचं नाव इथे लिहीत नाही. पहिलंच पुस्तक आहे तिचं, चूक बाइंडिंगवाल्याची आणि नाव तिचं खराब होईल. पण ४८व्या पानावर ती सून पहाटे चप्पल हातात घेऊन उंबऱ्याबाहेर पडलीय, मागून सासूने हाक मारलीय, आणि पुढचं माझ्याकडे नाही. मेसेज करा, नाव सांगते. ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांच्या घरी येईन, माहीम, परळ, बोरिवली, कुठेही. सोळाच पानं आहेत, दारात उभी राहून वाचेन.