घोडा एकदम गरीब आहे, बसवा बिनधास्त!

सुट्टीला निघालात, सोबत पाच आणि तीन वर्षांची दोन रत्नं, आणि मुलांना घोड्यावर बसवायचं ठरलं आहे. ठरवलं अर्थात तुम्ही. मुलं हॉटेलच्या लिफ्टमधून वर-खाली करण्यातच खूश होती, पण लिफ्टमधला फोटो कोणी प्रोफाइलला लावत नाही. तेव्हा सहकुटुंब घोडेस्वारीची जागा कशी निवडायची, ते नीट समजून घ्या.

सगळ्यात आधी, प्रश्न विचारणाऱ्या माणसापासून लांब राहा. तबेल्यात फोन केलात आणि पलीकडून मुलांचं वय, उंची, वजन, आधी कधी बसली आहेत का, अशी चौकशी सुरू झाली, तर सरळ फोन ठेवून द्या. हा माणूस पुढे कुठेतरी ‘नाही’ म्हणणार, हे नक्की. धाकट्याकडे बघून तो म्हणेल, याला आज घोड्याला फक्त हात लावू द्या, अंग चोळू द्या, बसायचं पुढे बघू. अहो, एवढा प्रवास आपण हात लावायला केलाय का?

आपल्याला हवा तो माणूस रस्त्याच्या कडेलाच उभा असतो. तो काही विचारत नाही. तुम्ही विचारायचं, ‘घोडा शांत आहे ना?’ आणि त्याने म्हणायचं, ‘एकदम गरीब आहे, बसवा बिनधास्त!’ झाली सुरक्षा तपासणी. या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही हो, कालच एकाला पाडलं’ असं उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही, यावरून जगातले सगळे घोडे किती गरीब आहेत ते कळतं. याची आज कितवी फेरी, सकाळपासून पाणी कधी दाखवलं, वय काय, असले प्रश्न मात्र टाळा. उत्तरं मिळतात, आणि मग त्यांचं काय करायचं हा प्रश्न पडतो.

घोड्याकडेही फार निरखून बघू नका. १९८३ साली हेनेके नावाच्या अमेरिकन संशोधकाने घोड्याच्या अंगावरचं मांस पाहून त्याला १ ते ९ गुण द्यायची पद्धत मांडली. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे लठ्ठंभारती, आणि साधारण ५ म्हणजे बरगडी दिसत नाही पण हाताला लागते. ही माहिती डोक्यातून काढून टाका, नाहीतर बरगड्या लांबूनच मोजता येणारा घोडा समोर आला की उगाच जीव खालीवर होईल. खोगिराखाली पाठ सोलवटलेली असेल, तर खोगीर आहेच की झाकायला. कान मागे चिकटवून, शेपटी फटाफट आपटत तो उभा असेल, तर मुलांना सांगा, ‘बघ, तुला बघून किती खूश झालाय!’ घोड्यांच्या भाषेत याचा अर्थ अगदी उलटा होतो, पण मुलांना आत्तापासून इतक्या भाषा कशाला?

मुलांनी घोड्याकडे धावत, ओरडत आणि शक्यतो मागून जावं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते थेट पाठीमागचं आणि कपाळासमोरचं, अगदी नाकाजवळचं. जाणती मंडळी म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत, सावकाश जातात. पण खांद्याच्या बाजूने फोटोत शेपटी येत नाही. गाजर भरवायचं असेल तर मुलाच्या चिमुकल्या बोटांत धरून द्या. तळहात सपाट पसरून त्यावर ठेवायचं असतं, कारण स्वतःच्या तोंडासमोरचं घोड्याला नीट दिसतच नाही आणि बोट व गाजर यांतला फरक तो ओठांनी चाचपून ठरवतो. पण मग गोड क्षण कसा येणार?

आता हेल्मेट. चांगल्या तबेल्यात ते वेगवेगळ्या मापांत ठेवलेलं असतं, आतल्या लेबलवर एएसटीएम एफ ११६३ असलं काहीतरी मानक छापलेलं असतं, आणि मुलाला मान हलवायला लावून ते जागचं हलत नाही ना हे बघण्यात पाच मिनिटं जातात. आपल्या माणसाकडे एकच हेल्मेट. ते खुंटीवर असतं आणि घरातल्या सगळ्यांना येतं, आजोबांनाही. मुलाच्या डोक्यावर ठेवलं की नाकापर्यंत उतरतं. हनुवटीखालचा पट्टा तुटलाय म्हणून सुतळी बांधलेली असते. एखाददोनदा आपटलेलंही असेल, पण बाहेरून तडा दिसत नाही ना? आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो आणि जोरात आपटलेलं हेल्मेट फेकून द्यायचं असतं, हे कोणी बोललंच तर ‘आमच्या वेळी कुठे होती हेल्मेटं!’ हे हुकमी वाक्य तयार ठेवा. तट्टू म्हणजे खांद्यापाशी साधारण १४७ सेंटिमीटरपर्यंत उंचीचा घोडा, त्याच्यावर बसलेल्या मुलाचं डोकं जमिनीपासून दोन मीटर. आपल्या माणसाकडे तट्टू नसतंच, त्यामुळे हा हिशेब आपल्याला लागू नाही. डोकं आणखी वर जाईल.

खोगीर मोठ्यांचं असणार हे गृहीत धरा. मुलाचे पाय रिकिबीपर्यंत, म्हणजे पाऊल टेकवायच्या लोखंडी कडीपर्यंत, पोचत नाहीत. यावर जो उपाय होतो तो जरा जवळून बघण्यासारखा आहे. घोडेवाला रिकिबीकडे ढुंकूनही न बघता, ती ज्या चामड्याच्या पट्ट्याला लटकते त्या पट्ट्याच्या दोन पदरांमध्ये मुलाची चप्पल कोंबतो. एक इकडे, एक तिकडे. पाय असा घट्ट बसतो की तुम्हालाही हायसं वाटतं. मूल घसरून पडलं तरी पाय काही तिथून सुटायचा नाही. ते घोड्यासोबतच राहील. लहान मुलांसाठी अशाही रिकिबी मिळतात ज्यांच्या बाहेरच्या बाजूला लोखंडाऐवजी जाड रबर असतं आणि पाय ओढला गेला की ते सुटून येतं. शिवाय टाच असलेले बूट घालायला सांगतात, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. हे सगळं ‘पाय सुटावा’ म्हणून. आपल्याला तर मूल बसून राहायला हवंय! त्यापेक्षा कमरेच्या पट्ट्याने त्याला खोगिरालाच बांधून टाका. घोडा आडवा झाला तर मूलही त्याच्या अंगाखाली सुरक्षित.

तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळलाय का, हे बघायला खाली वाकू नका. खोगीर चढवताना काही घोडे पोट फुगवून उभे राहतात, आणि चार पावलं चालले की पट्टा सैल पडतो. म्हणून मूल बसण्यापूर्वी आणि थोडं चालून झाल्यावर तो पुन्हा आवळायचा असतो. नाही आवळला तर काय होतं? खोगीर मुलासकट हळूहळू एका बाजूला कलतं. घाई नसते. व्हिडिओ काढायला भरपूर वेळ मिळतो.

पाच वर्षांची तयार झाली, तीन वर्षांचा रडतोय. अशा वेळी बाबांनी पुढाकार घ्यावा आणि त्याला पुढे घेऊन एकाच घोड्यावर मांड ठोकावी. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं वाहू नये, आणि त्यात खोगीरही धरायचं, असा एक ढोबळ नियम आहे. चारशे किलोचा घोडा, म्हणजे ऐंशी किलो. बाबा पंच्याऐंशीवर थांबलेत. खोगीर आणि चिरंजीव वेगळे. पण घोड्याने तक्रार केलेली नाही, आणि बाबा पडलेच तर मऊ जागेवर पडणार, कारण खाली चिरंजीव असतील.

फेरी सुरू झाली की दोरी धरून सोबत चालणाऱ्या पोऱ्याला सांगा, ‘थोडा पळव ना!’ घोड्याची साधी चाल ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे तुमच्या झपाझप चालण्याएवढीच. त्यात थरार तो काय? दुडक्या चालीने सोडला की मूल खोगिरावर चेंडूसारखं उडतं आणि तुम्हाला किंकाळी ऐकू येते, जिला आनंद म्हणतात. लगेच फोन घेऊन घोड्याच्या पुढे उलटे धावत जा आणि ओरडा, ‘बाळा, हात सोड, इकडे बघ, टाटा कर!’ घोडं उधळलंच तर ताशी चाळीस किलोमीटरने जातं. फोनचा कॅमेरा तेवढं सहज टिपतो. अर्जावरची ‘जबाबदारी तुमची’ ही ओळ वाचून मूड घालवू नका. वाचायची असती तर ती एवढ्या बारीक अक्षरांत छापली नसती.

एवढं सांगूनही काहीजण नको त्याच ठिकाणी जातात. तिथे आधी अर्धा तास घोड्याला ब्रश करायला लावतात, त्याचं नाव सांगतात, खूर कसा साफ करतात ते दाखवतात. मग कुंपणाच्या आत, दोरी धरून, एक माणूस शेजारी चालत दहा मिनिटं. संपलं. तुमच्या हातून हे घडलंच तर निदान पुढच्या लोकांना सावध करा. एक तारा द्या आणि लिहा: माणूस उद्धट, मुलीचं वजन विचारलं, धाकट्याला बसवलंच नाही, बाबांना तर साफ नकार दिला, घोडा एकदाही पळवला नाही. मुलगी हॉटेलवर येऊन झोपेपर्यंत त्या घोड्याच्याच गोष्टी सांगत होती, हे तेवढं लिहू नका. लोक नाहक तिकडे गर्दी करतील.