माशांच्या रिकाम्या टाकीत साप : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

उन्हाळा लागला की नागपुरातील प्राणीप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की, माशांची टाकी रिकामी पडली असेल तर तिच्यात कोणताही बिनविषारी साप सुखाने राहतो. दोन फूट लांबी पुरते, कारण साप टाकीएवढाच वाढतो. वर १०० वॅटचा बल्ब लावावा, तळाला वाळू पसरावी, वाटीभर दूध ठेवावे. आणि साप बिनविषारी असल्याने वनखात्याला विचारण्याची गरज नाही. मी काही वर्षांपासून घरी कॉर्न स्नेक हा अमेरिकेतील बिनविषारी साप सांभाळतो आणि हा संदेश वाचून टाकी मांडलेली दोन-तीन घरे मी पाहिली आहेत. त्यातील एकेक विधान तपासून पाहणे म्हणूनच आवश्यक वाटते.

‘साप टाकीएवढाच वाढतो’ हे विधान गोल्डफिशबद्दलच्या जुन्या गैरसमजातून उचललेले दिसते. सापाची वाढ त्याच्या जातीवर, आहारावर आणि तापमानावर अवलंबून असते. काचेच्या लांबीशी तिचा काही संबंध नाही. अंड्यातून बाहेर येताना वीतभराहून थोडे मोठे असणारे कॉर्न स्नेकचे पिल्लू तीनएक वर्षांत तीन ते पाच फुटांचे होते आणि चांगली निगा राखल्यास १५ ते २० वर्षे जगते. प्रौढ सापाला अंग सरळ ताणता आले पाहिजे, म्हणून चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड-दोन फूट उंच टाकी हे मी किमान माप धरतो. एका परिचिताच्या दोन फुटी टाकीतील सापाच्या नाकपुड्यांमधले खवले काचेवर घासून घासून निघून गेले होते आणि तिथे लालसर ओली त्वचा दिसत होती. साप ‘खूप खेळकर आहे, सारखा काचेवर चढतो’ असे घरच्यांना कौतुक होते. या विधानात सत्याचा एक कण मात्र आहे, तो मान्य करतो. अगदी लहान पिल्लू मोठ्या, उघड्याबोडक्या टाकीत बिचकते आणि कधी कधी खाणे सोडते. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला लहान पेटी घ्यावी, किंवा मोठ्या टाकीत आडोसे भरपूर वाढवावेत.

बल्बचा सल्ला सर्वांत घातक आहे, आणि त्यातही नागपुरात. ज्या देशांत घरातील खोली १८-२० अंशांवर असते तिथे टाकी तापवणे हा मुख्य प्रश्न असतो. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. २३ मे २०१३ रोजी तर शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. सापाला शरीरातून स्वतःची उष्णता पुरेशी निर्माण करता येत नाही, म्हणून तो उबदार आणि थंड जागांमध्ये ये-जा करून आपले तापमान सांभाळतो. टाकीच्या एका टोकाला साधारण २८ ते ३० अंश आणि दुसऱ्या टोकाला २३ ते २५ अंश अशी उतरण कॉर्न स्नेकला लागते. बॉल पायथन या आफ्रिकेतील लहान अजगराला दोन्ही आकडे दोन-तीन अंशांनी जास्त हवेत. दोन फुटांच्या टाकीवर १०० वॅटचा बल्ब लावला की उतरण उरतच नाही, संपूर्ण टाकी भट्टी होते. खोलीच ३८ अंशांवर असेल, तर तिच्यातील टाकी बल्ब बंद असतानाही त्याहून थंड राहणार नाही. मागच्या मे महिन्यात दुपारी वीज गेली, कूलर थांबला आणि तासाभरात माझा साप पाण्याच्या भांड्यात वेटोळे करून फक्त नाक वर काढून बसला होता; सापाला उकडते आहे याचे हे ठळक लक्षण आहे. त्या दिवसापासून टाकीच्या थंड टोकाला मी फुटक्या माठाचे मोठे खापर पालथे ठेवतो आणि उन्हाळ्यात ते बाहेरून ओले करतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याच्याखाली चांगलाच गारवा राहतो, पावसाळ्यात मात्र ही युक्ती चालत नाही आणि ओल साचून खवल्यांना संसर्ग होऊ शकतो. कूलरचा झोतही थेट टाकीवर नको.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा उष्णता द्यावीच लागते. ती टाकीच्या एकतृतीयांश भागाखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावून आणि थर्मोस्टॅट म्हणजे तापमान नियंत्रकामार्फतच द्यावी. नियंत्रणाशिवाय चालणारे तापते दगड किंवा जाळी नसलेले उघडे बल्ब सापाला भाजतात, कारण अंग भाजत असतानाही साप अनेकदा तिथून हलत नाही. काचेवर चिकटवायच्या गोल तापमापकावर विसंबू नये. साप जिथे पोट टेकतो तिथले तापमान मोजावे. मोजणारे यंत्रही चुकू शकते; मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्याला सेन्सर बिघडल्याचा खुलासा करावा लागला, हे नागपूरकर विसरले नसतील.

माशांची टाकी मुळीच चालत नाही असे नाही. तिला चहूबाजूंनी घट्ट बसणारे, कडी असलेले जाळीचे झाकण हवे, कारण बोटभर फट सापाला पुरते. तीन बाजूंना बाहेरून कागद लावावा आणि उबदार व थंड अशा दोन्ही टोकांना अंग घासून बसता येईल इतकी अरुंद लपण्याची जागा ठेवावी. वाळू मात्र नको. ती भक्ष्याबरोबर पोटात जाते. आरागिरणीतील चीड किंवा देवदाराचा भुसाही त्यातील तेलांमुळे अपायकारक ठरतो. साधे वर्तमानपत्र पुरते.

दुधाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याला पचत नाही. नागपंचमीला तो पितो तो आधी अनेक दिवस तहानलेला ठेवल्यामुळे. टाकीत स्वच्छ पाणी ठेवावे.

राहिला परवानगीचा मुद्दा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा विषारी-बिनविषारी असा भेद करत नाही. धामण, अजगर यांसारखे आपल्याकडील साप संरक्षित आहेत आणि कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पकडणेही येते. ‘शेतात सापडला, मारण्यापेक्षा पाळला’ हा बचाव टिकत नाही. बॉल पायथनसारख्या, सायटस् या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात नोंद असलेल्या परदेशी सापांसाठी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी त्याच्या खरेदीची कागदपत्रे जपून ठेवावीत. ज्यांनी हा संदेश वाचून धामण टाकीत आणून ठेवली असेल, त्यांनी ती स्वतःच अंबाझरीच्या झाडीत सोडून येऊ नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सेमिनरी हिल्सवरील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर या वन्यप्राणी उपचार केंद्रामध्ये अशा प्राण्यांवर उपचारही होतात.