कूलर घ्यायचाय? आधी गावभर विचारून या

एप्रिल लागला, पारा बेचाळीसवर गेला, पंखा भट्टीसारखी हवा फेकायला लागला, म्हणजे तुम्हाला कूलर घ्यायचाच आहे. घ्या की. पण परभणीत राहून कोणाला न विचारता वस्तू घेणं बरं दिसत नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण उगाच म्हणत नाही, इथं प्रत्येक ओट्यावर एक इंजिनिअर बसलेला असतो. मी अकरा जणांना विचारलं. तुम्हीही तेवढ्यांना तरी विचारा.

सुरुवात मेव्हण्यापासून करा. तो म्हणेल, "दाजी, प्लास्टिकचा कूलर म्हणजे खेळणं. पत्र्याचा घ्या, जन्मभर बघायचं काम नाही." मग शेजारचे गुरुजी सांगतील की पत्र्याचा चुकूनही घेऊ नका, शॉक बसतो आणि दोन उन्हाळ्यांत तळ गंजून गळायला लागतो. तिसरा म्हणेल भुशाच्या जाळ्या घ्या, गार पडतं. चौथा म्हणेल भुसा कुजतो, वास येतो, हनीकोंबच, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या जाळ्याच घ्या. सगळ्यांचं ऐका, मान डोलवा. मेव्हण्याच्या घरी एसी आहे, हे मला फार उशिरा आठवलं.

पाण्याचा विषय मात्र काढू नका. साठ-सत्तर लिटरची टाकी, रात्रंदिवस चालवला तर एकदा भरून भागत नाही, आणि नळ आठ दिवसांनी. येलदरी धरणात पाणी असतं हो, नळात नसतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच मुलखात आपण पाणी पिणारं यंत्र घरात आणायलोत, असले विचार मनात आले की खरेदीची मजा जाते. बोअरचं टाका. महिन्याभरात जाळ्यांवर पांढरी खपली धरेल. ती दुकानदाराला दाखवली की तो म्हणेल, "पाणी खराब आहे तुमचं." कूलर कधी खराब नसतो.

कूलर लावला की दारं-खिडक्या गच्च बंद करा, म्हणजे ओल साचून अंग चिकचिकलं की कंपनीला शिव्या देता येतात.

दुकानात गेलात की "गॅरंटी आहे का?" एवढं विचारा. "आपलंच दुकान आहे मालक" असं उत्तर आलं की निश्चिंत व्हा. मराठवाड्यात याच्यापेक्षा मोठी गॅरंटी नाही, आणि ती कागदावर लिहीत नसतात. वाइंडिंग कॉपरचं आहे का? शंभर टक्के कॉपर. मोटर उघडून कोण बघतंय?

मग बिलाचा प्रश्न येतो. "पक्कं पाहिजे का? अठरा टक्के वर लागतील." खोक्यावर 'सर्व करांसह' असं छापलेलं असतं, पण तुम्ही चष्मा घरी विसरला होता असं समजा आणि चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर 'कूलर 1 नग, 8,500' आणि कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी सही. जपून ठेवा, मागच्या बाजूला किराण्याची यादी मावते.



आता सर्वात महत्त्वाचा सल्ला: तक्रार कशी करावी. माझी मोटर तेराव्या दिवशी बंद पडली. तेरावा दिवस, जेवण घालायलाही हरकत नव्हती. खोक्यावरच्या नंबरला फोन लावा. मराठीसाठी तीन दाबा, म्हणजे हिंदीत बोलणारा माणूस मिळतो. नाव सांगा, पत्ता सांगा, पिनकोड सांगा, 'परभणी' तीनदा सांगा, 'प से परभणी' असंही सांगा. मग कळतं की माणूस संभाजीनगरहून येणार, अठ्ठेचाळीस तासांत. तिसऱ्या दिवशी मेसेज येतो: 'आमचा प्रतिनिधी येऊन गेला, घराला कुलूप होतं.' कुलूप? मी बनियनवर, डोक्यावर ओला टॉवेल टाकून दिवसभर दारातच बसलो होतो! पुन्हा फोन, पुन्हा तीन दाबा, पुन्हा पिनकोड. शेवटी एका पोराचा फोन आला. "सर, एक कोड आला असंल, तेवढा सांगा." म्हटलं, आधी ये तरी. "येयलोय सर, रस्त्यातच हाय. कोड दिला की पार्ट निघतो." दिला. पाच मिनिटांत मेसेज: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. कृपया पाच तारे द्या.' मोटर तशीच. पोराचा फोन बंद. पोरगं आजतागायत रस्त्यातच आहे!

दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणतो, कंपनीला बोला. आणि बोट कुठं दाखवतो, तर लक्ष्मीच्या फोटोशेजारच्या पाटीकडे: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

आता उपरोध पुरे. ती पाटी बेकायदेशीर आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, दोन्ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावला तर पहिला प्रश्न आला, बिल आहे का?

नाही. पंधराशे वाचवले ना मी! आणि तुम्हीही तेच करता. दोघंही शहाणे. पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भाजीवालीशी अर्धा तास भांडणारे आपण, साडेआठ हजार मोजताना मात्र "बघा ना शेठ, जमलं तर" म्हणत मिंधे होतो. वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्यायला लाज वाटते, दुकानदाराला काय वाटेल म्हणून. त्याला काही वाटत नाही हो! आणि ते अकरा सल्लागार! भुसा की हनीकोंब यावर तासतासभर बोलले. बिल घे, असं एकानं तरी सांगावं?

पैसे मोबाईलवरून दिलेत, तेवढा पुरावा हातात आहे. उद्या दहाला कूलर रिक्षात टाकून दुकानासमोर उतरवणार आहे. येत असाल तर एक बाजू उचलायला या. सल्ला नको.