धुराडं आच चोरत नाही, ओलं सरपण चोरतं

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर चुलीबद्दलचा एक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चुलीचा धूर जंतू मारतो, म्हणून जुनी माणसं ठणठणीत होती, धुराडं बसवलं की आच वर पळते आणि सरपण जास्त लागतं, लाकूड थोडं ओलसरच बरं, दमानं जळतं आणि पुरतं, आणि लाकूड कुठलंही घ्या, आग सारखीच. अंगणातली चूल पावसाळ्यासाठी घरात आणायच्या दिवसांत हे वाचून कोणी धुराड्याचा पाइप काढून टाकला, तर ते भोगावं लागेल रांधणाऱ्या बाईला आणि तिच्या कडेवरच्या लेकराला. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

लाकडाच्या धुरात फॉर्मल्डिहाइड असतो आणि तो जंतू मारतो, हे खरं आहे. चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागत नाही, हेही आपण पाहतो. पण माणूस म्हणजे बियाण्याचं कणीस नव्हे. जे किडीला सोसत नाही, ते फुप्फुसालाही सोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुरानं २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांची जुनाट धाप आणि मोतीबिंदू यांचा या धुराशी संबंध आहे. आजी नव्वद वर्षं जगली, असं सांगणारे भेटतात. ती आठ महिने अंगणात रांधायची का, तिला रात्री खोकला किती यायचा, हे मात्र कोणी विचारत नाही. आणि खिडकी उघडी ठेवली की भागतं म्हणणाऱ्यांनी श्रावणातल्या झडीत चुलीपुढे तासभर बसून पाहावं.

धुराड्याच्या आरोपात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. ओढ जास्त झाली की गरम हवा भांड्याला न लागताच वर जाते. पण हा दोष बसवण्याचा आहे, धुराड्याचा नाही, आणि त्यावरचा उपाय आपल्याच मातीत जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल १९४७च्या सुमाराची. तिच्यासारखा जाळ आधी पुढच्या भांड्याखाली, मग वैलाखाली, म्हणजे चुलीच्या मागच्या दुसऱ्या तोंडाखाली, आणि तिथून धुराड्यात गेला, की बाहेर पडण्याआधी तो वैलावरचं पाणी तापवून जातो. भांडी तोंडावर नीट बसली पाहिजेत. वैल रिकामा असेल तेव्हा झाकून ठेवावा, नाहीतर धूर तिथूनच घरात येतो. धुराड्याच्या बुडाशी पत्र्याची सरकती पट्टी ठेवली की ओढ कमी-जास्त करता येते. फक्त निखारे जिवंत असताना ती पूर्ण बंद करू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

पाइप सरळ उभा असावा, वळणं टाळावीत. टोक आढ्याच्या दोन फूट तरी वर हवं आणि त्यावर पावसासाठी टोपी. कवेलूच्या घरात पत्र्याचा पाइप लाकडी वाशांपासून दीड फूट दूर ठेवा; छप्पर गवताचं असेल तर पाइप त्यातून नेऊच नका. जुना सिमेंटचा पाइप हाती आला तर करवत लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची भुकटी छातीला घातक असते. महिन्यातून एकदा काजळी काढावीच लागते. सुधारित चुलींचा सरकारी राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२मध्ये थांबला. त्यात बसवलेली कितीतरी धुराडी काजळीनं तुंबली, पाइप फुटले, दुरुस्तीला कोणी आलं नाही. धुराडं चालत नाही ही समजूत तिथून पक्की झाली, असं मला वाटतं.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ओल्या लाकडाचा सल्ला. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. त्या पाण्याची वाफ करण्यात आच खर्च होतेच, पण खरा तोटा पुढे आहे. लाकूड तापलं की त्याच्या सुक्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायू होऊन निघतो, आणि तो पेटायला कडक आच लागते. ओल्या लाकडाचा जाळ तेवढा तापत नाही, म्हणून ते वायू न जळताच धूर होऊन जातात. दमानं जळणं म्हणतात ते हेच: भात शिजायला वेळ लागतो, मोळी मात्र संपते. हाच धूर धुराड्यात थंड होऊन डांबरासारखा चिकटतो आणि एखाद्या दिवशी पाइपातच पेट घेतो. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलात सरपणाला गेलेल्यांवर वाघानं हल्ले केले आहेत. त्या जंगलातून डोक्यावर आणलेली मोळी अशी धुरात घालवायला सांगणं मला सहन होत नाही.

मोठी लाकडं फाडून, विटांवर रचून, मार्च ते मे उन्हात ठेवा आणि मृगाआधी आडोशाला घ्या. टोकांना भेगा पडल्या, साल सुटू लागली, दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणक आवाज आला, की लाकूड तयार. शंका असेल तर एकच तुकडा पंधरा दिवसांच्या अंतरानं किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. वजन घटतच असेल तर तो अजून ओला आहे.

लाकूड कुठलंही चालतं, हे किलोच्या हिशेबानं बरंचसं खरं आहे: सुक्या बाभळीच्या आणि सुक्या पळसाच्या किलोभर लाकडाची आच फारशी वेगळी नसते. गाडीच्या हिशेबानं मात्र बाभूळ, धावडा, बोर हीच भारी, कारण ती घट्ट असतात आणि निखारा टिकवतात. वजनावर घेताना सुकेपणा बघा, नाहीतर पाण्याचे पैसे द्याल. बिब्याचं लाकूड चुलीत नको, त्याच्या धुरानंही अंग उततं. रंगवलेली फळी, प्लायवूड, सनमायका यांचा धूर विषारी असतो. तुराट्या, पऱ्हाट्या जाळ धरायला उत्तम, पण पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. त्या उन्हाळ्यातच जाळून संपवा.