तेलही गेले, इंजिनही गेले

मोटारीत डाव्या आसनापुढे एक कप्पा असतो. त्यात आपण टोलच्या पावत्या, अर्धी संपलेली बडीशेप आणि कोराडीच्या देवीच्या कुंकवाची पुडी ठेवता. त्याच कप्प्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पुस्तिका पडलेली असते. ती चुकूनही उघडू नये. तिच्या शेवटच्या काही पानांत एक लहानसा तक्ता असतो आणि आपल्या इंजिनाला कोणत्या जाडीचे व कोणत्या प्रतीचे ऑइल लागते, फिल्टर बदलल्यास किती लिटर भरावे आणि किती किलोमीटरनंतर किंवा किती महिन्यांनंतर ते बदलावे, हे सारे त्यात चार ओळींत उरकलेले असते. ज्यांनी इंजिन घडवले त्यांना त्या इंजिनाबद्दल थोडीफार माहिती असावी, हे मान्य. परंतु चार ओळी वाचून विषय संपवायचा, तर नागपूरच्या धरमपेठेत तर्री-पोह्याच्या ठेल्यासमोर उभे राहून माणसांनी बोलायचे तरी कशावर? म्हणून ऑइल निवडण्याची पहिली पायरी अशी की, पुस्तिका सोडून इतर सर्वांना विचारावे.

विचारताना जो सर्वांत ठामपणे बोलतो, त्याला सर्वांत जाणकार समजावे. प्रत्येक वस्तीत असे एक काका असतात, ज्यांनी उभी हयात अँबेसेडर किंवा पद्मिनी चालवली. त्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असे घट्ट ऑइल लागत असे आणि ते योग्यच होते, कारण त्या इंजिनांतल्या भागांमधल्या फटीच तशा ऐसपैस होत्या. काका सांगतात, “आमच्या टायमाला एकच ऑइल होतं भाऊ, घट्ट. गाडीनं कधी कुरकुर नाही केली.” त्या गाडीचे इंजिन मध्यंतरी कितीदा बांधून घेतले, हे काका सांगत नाहीत आणि आपणही विचारू नये, वडीलधाऱ्या माणसाचा काही मान असतो की नाही?

जाडीच्या बाबतीत नागपूरकराजवळ एक बिनतोड युक्तिवादही आहे, तो म्हणजे ऊन. २३ मे २०१३ रोजी सोनेगावच्या वेधशाळेत ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. ३० मे २०२४ रोजी तर रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. यंत्राच्या संवेदकात बिघाड होता, असा खुलासा पुढे हवामान खात्याने केला, परंतु ऑइल निवडण्यासाठी मात्र हाच आकडा धरावा, कारण वादात तो चांगला वाजतो. “पुण्या-मुंबईले पातळ चालते, आपल्या इथं ऊन पाहून राहिले न भाऊ?” असे मिस्त्रीने म्हटले की, आपण मान डोलवावी.

या युक्तिवादात अडचण एकच आहे. इंजिनातले थंड करणारे पाणी थर्मोस्टॅटमुळे साधारणपणे ९० अंशांच्या आसपास राखले जाते आणि गरम झालेल्या इंजिनातले ऑइल १०० अंशांच्या आगेमागे असते, मग बाहेर नवतपा चालू असो की पौषातली पहाट असो. डब्यावरचा दुसरा आकडा, म्हणजे २०डब्ल्यू-५० मधला ५०, ज्या जाडीवरून ठरतो, ती जाडीदेखील १०० अंशांवरच मोजलेली असते: ३० हा आकडा मिळवायला ती ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे जाडीचे माप) असावी लागते आणि ५० ची सुरुवात १६.३ पासून होते. म्हणजे ज्यांनी हे आकडे ठरवले, त्यांनी आपला मे महिना दुपटीहून अधिक करून आधीच हिशेबात धरला आहे. ही गोष्ट मात्र चारचौघांत बोलू नये. नागपूरच्या उन्हाचा असा पाणउतारा येथे कोणी ऐकून घेणार नाही.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांवर होते आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा आपण सर्वांनी शेकोट्या पेटवल्या. त्यापलीकडे आपली मजल गेलेली नाही. म्हणून “इथं का बरफ पडते का?” हा प्रश्न रास्तच आहे. रात्रभर उभ्या गाडीतले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते, सकाळी किल्ली फिरवल्यावर ते वरच्या भागांपर्यंत पोहोचेतोवर धातूवर धातू घासतो आणि घट्ट ऑइलला तेथे पोहोचायला अधिक वेळ लागतो, असल्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. नव्या पेट्रोल इंजिनांत झडपांची उघडझाप पुढेमागे करणारी यंत्रणासुद्धा ऑइलच्याच दाबावर, बारीक वाटांमधून चालते. ती अडखळू लागली की, “पेट्रोल खराब येऊन राहिलं,” असे म्हणावे.

तरीही शंका उरल्यास बोटांची चाचणी आहेच. झाकण काढून तर्जनीवर एक थेंब घ्यावा, अंगठा टेकवावा, बोटे हळूहळू दूर न्यावीत आणि एकतारी पाकासारखी तार सुटते का, ते पाहावे. तार लांब सुटली तर ऑइल भारी, तुटली तर हलके. शंभर अंशांवर हीच तार कशी सुटेल, हे पाहण्याची इच्छा अद्याप कोणत्याही मिस्त्रीने दाखवलेली नाही आणि त्यात शहाणपणच आहे.

आता डब्यावरच्या अक्षरांकडे वळू. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही संस्था पेट्रोल इंजिनांच्या ऑइलला एस या अक्षराने सुरू होणाऱ्या प्रती देते आणि दुसरे अक्षर जितके पुढचे, तितकी प्रत नवी. एसएफ ही प्रत १९८८ पर्यंतच्या इंजिनांपुरती आहे, एसपी २०२० मध्ये आली आणि एसक्यू २०२५ मध्ये. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगावर जोर लावला असता ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि पिस्टन फुटू शकतो. हा प्रकार रोखण्याची कसोटी एसपीमध्ये आहे, टायमिंग चेनच्या झिजेचीही आहे. आपण मात्र जुने ते सोने या न्यायाने एसएफच शोधावे. १९८८ साली मारुती ८०० रस्त्यावर येऊन पाच वर्षेही झाली नव्हती आणि तिला ते ऑइल मानवत होते, मग आपल्या टर्बो गाडीने नखरे का करावेत?

डिझेल गाडी असेल तर काम आणखी सोपे आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या भारत स्टेज सहाच्या बहुतेक डिझेल मोटारींत काजळी पकडणारा फिल्टर धुराड्याच्या वाटेवर बसवलेला असतो आणि त्याला कमी राख सोडणारे ऑइल लागते, कारण काजळी जाळता येते, पण ऑइलची राख तेथेच साचत जाते. शेतावरच्या ट्रॅक्टरसाठी आणलेला मोठा डबा घरी असेल तर तोच वापरावा. फिल्टर तुंबल्यावर त्याची किंमत ऐकाल, तेव्हा बसायला खुर्ची जवळ असू द्यावी.

खरी बचत ऑइलच्या फिल्टरमध्ये आहे. तो ऑइलच्या मानाने स्वस्त असतो आणि सामानाच्या यादीत जी वस्तू सर्वांत स्वस्त, तिच्यावरच काटकसर करायची, हा आपल्याकडचा रिवाज आहे. म्हणून फिल्टर एक आड एक बदलावा. नव्या ऑइलला जुन्या फिल्टरमधल्या गाळाची ओळख पहिल्याच मिनिटाला झाली, म्हणजे पुढे अवघडलेपणा राहत नाही. त्या पत्र्याच्या डब्यात चुण्या घातलेला खास कागद असतो, गाडी बंद केल्यावर ऑइल मागे ओघळू नये म्हणून रबरी पडदा असतो आणि स्प्रिंगवर बसवलेली एक बायपास झडप असते. कागद तुंबला की ही झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाऊ देते, कारण घाण ऑइल अजिबात नसलेल्या ऑइलपेक्षा बरे. आपल्या दृष्टीने ही फारच सोयीची व्यवस्था आहे: दिवा लागत नाही, आवाज येत नाही, बेअरिंगवर बारीक चरे पडत राहतात आणि घरात कोणाला कळतही नाही.

नवा फिल्टर घेण्याची वेळ आलीच, तर गाडीचे मॉडेल सांगू नये. जुना फिल्टर पिशवीत घालून न्यावा आणि “असाच द्या,” म्हणावे. दुकानदार एक काढून हातात देतो आणि “हाच बसते भाऊ, बिनधास्त लावा,” असे सांगतो. फिल्टरच्या तोंडाशी जे आटे असतात, त्यांतले दोन प्रकार फार मनोरंजक आहेत. एक वीस मिलिमीटरचा, ज्यात आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर; दुसरा पाऊण इंची, ज्यात इंचाला सोळा आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे वीसचा फिल्टर पाऊण इंची नळीवर चढतो, फिरतो, रबराची कडी दाबली गेली की घट्ट झाल्यासारखाही वाटतो. गल्लीत एक चक्कर मारून पाहिली तर थेंब गळत नाही. मग आपण निर्धास्त मनाने शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढावे, जेथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि मुंबईकडे ७०१ किलोमीटरची लांबी आहे. ऑइलचा दाब त्या चुकार आट्यांना नेमका कोणत्या जिल्ह्यात हरवतो, हे पाहण्यात प्रवासाचा शीण जाणवत नाही.

फिल्टर बसवण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. बहुतेक ठिकाणी सूचना अशी असते की, रबरी कडीला बोटाने नवे ऑइल लावावे, कडी टेकल्यावर हाताने सुमारे पाऊण फेरा द्यावा आणि थांबावे. यात पुरुषार्थ कोठे आहे? मिस्त्री चेनपाना लावून, पाय बंपरला टेकवून फिल्टर असा आवळतो की, पुढच्या वेळी तो निघतच नाही. मग त्याच्या पोटातून हातोडीने पेचकस आरपार ठोकतात, पत्रा टरकतो, काळे ऑइल कोपरापर्यंत ओघळते आणि तोंडाशी पत्र्याची चकती तेवढी चिकटून राहते. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली आहे का, हे पाहण्याच्या भानगडीत पडू नये. एका कडीपेक्षा दोन कड्या केव्हाही अधिक सुरक्षित दिसतात.

भरताना डबा पूर्ण रिता करावा. इंजिनात तीन लिटर मावते आणि डबा साडेतीनचा आहे, तर उरलेले काय घरी भजी तळायला न्यायचे? पातळी मोजायच्या काडीवर दोन खुणा असतात, त्यांपैकी वरची खूण सौंदर्यासाठी दिलेली आहे, असे समजावे. जादा ऑइल क्रँकशाफ्टने घुसळून फेसाळते आणि फेसाला वंगण म्हणून काही किंमत नसते, परंतु डबा रिता झाल्याचे समाधान काही निराळेच. अगदीच जीव तुटत असेल, तर उरलेले अर्धा लिटर मोटरसायकलमध्ये ओतावे. बहुतेक मोटरसायकलींची क्लचपाती त्याच ऑइलमध्ये बुडालेली असते आणि म्हणून त्यांना जासो एमए अशी जपानी मानकाची खूण असलेले ऑइल लागते. मोटारीच्या ऑइलमधले घर्षण कमी करणारे द्रव्य क्लचपातीचेही घर्षण कमी करू शकते. मग मानकापूरच्या उड्डाणपुलावर इंजिन ओरडते आणि गाडी मात्र विचारात पडल्यासारखी चढते.

रिकामा डबा मिस्त्रीकडेच सोडावा. त्याला खिळ्याने भोक पाडणे किंवा त्यावरचे लेबल फाडणे हा समोरच्या माणसावर उघड अविश्वास झाला. चांगल्या कंपनीचा न फाटलेला डबा पुन्हा भरून, नवे झाकण लावून बाजारात येऊ शकतो, म्हणून काय आपण शेजारधर्म सोडायचा? काढलेले काळे ऑइल सेंटरिंगच्या पाट्यांना लावायला कोणीतरी नेतेच; न नेल्यास नाली आहे, नालीपुढे नाग नदी आहे. २०१६ च्या नियमांनी त्याला घातक कचऱ्यात घातले असले, तरी नालीच्या तोंडाशी कोणी नियमावली घेऊन उभा नसतो.

त्यानंतर वर्षभर फक्त रंग पाहावा. डिझेलचे ऑइल काही शे किलोमीटरांतच काळे पडते, कारण काजळी धरून तरंगत ठेवणे हेच त्यातल्या द्रव्यांचे काम आहे. तसे दिसताच दुकानदाराशी भांडावे. उलट, पंधरा हजार किलोमीटरनंतरही सोन्यासारखे पिवळे राहणारे ऑइल सापडले, तर काहीही न धरणाऱ्या त्या ऑइलचा फोटो सर्वांना पाठवावा.

पुढे कधीतरी समोर लाल रंगात तेलाच्या झारीचे चित्र पेटेल. हा दिवा ऑइलच्या पातळीचा नसून दाबाचा असतो आणि तो पेटताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचे असते. आपण तसे करू नये. घर अवघे चार किलोमीटरांवर आहे, वर्धा रोडवर उन्हात थांबणे बरे दिसत नाही आणि वर उल्लेखिलेले काका अशा वेळी नेहमी “हळूहळू काढा,” असे सांगत आले आहेत.

एवढे झाल्यावर गाडी विकायला काढावी. विक्रीच्या आदल्या दिवशी बाजारातले सर्वांत घट्ट ऑइल भरले, म्हणजे खडखड दोन-तीन दिवस दबते, आणि “एकाच हातची गाडी, ऑइल टायमाटायमाले बदललं,” हे वाक्य न अडखळता म्हणण्याचा सराव करावा. गिऱ्हाईक जाणकार निघाले, तर ते इंजिन चालू ठेवून ऑइलच्या झाकणाकडे हात नेते, कारण पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेथून धूर भसाभस वर येतो. त्या क्षणी त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला न्यावे, आणि पैसे आपणच द्यावेत.