ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुतले असं नाही

परवा रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. ती इथेच इंदूरला बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोमवारपासून तिची सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग लागली आहे. "मावशी, हे खरं आहे का गं? आमच्या बॅचच्या ग्रुपवर सगळ्याजणी सेव्ह करून ठेवतायत." खाली एक लांबलचक फॉरवर्ड होता, 'नर्स भगिनींनो, कॉलेजात न सांगितलेल्या आठ गोष्टी'. सकाळी उठून पाहते तर तोच मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर! मोठ्या भाऊजींनी टाकलेला, खाली 'सूनबाईंनी जरूर वाचावे'.

वाचलं. एकदा नाही, तीनदा वाचलं. बावीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ इन्फेक्शन कंट्रोलचं काम करते. म्हणून गप्प बसवलं नाही.

त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ग्लोव्ह्ज घातले असतील तर हात धुवायची गरज नाही, वरून सॅनिटायझर चोळा आणि पुढचा पेशंट घ्या, पैसेही वाचतात. सुई टोचली तर बोट पिळून रक्त काढा, स्पिरिट लावा आणि बोभाटा करू नका. एचआयव्ही हवेत लगेच मरतो. रोज जंतूंत वावरून नर्सची इम्युनिटी तयार होते, तिला लसी नकोत. सॅनिटायझर साबणापेक्षा केव्हाही चांगला. मास्कमध्ये कापूर-लवंगेची पुरचुंडी ठेवा. इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं, तेव्हा इथल्या दवाखान्यांत इन्फेक्शनची भीती कमी. आणि शेवटचं: जी परीक्षा पास झाली तिला पुन्हा हात धुवायला शिकवणं हा तिचा अपमान आहे.

कापराचं आधी उरकते. कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, जंतू मरत नाहीत. मास्कच्या आत पुरचुंडी खुपसली की मास्क गालापासून सुटतो आणि बाजूने हवा आत शिरते. विषय संपला.

आता ग्लोव्ह्ज. भाचीला हे फोनवर समजावता आलं असतं, पण मी तिला घरी बोलावलं. रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात तिला ग्लोव्ह्ज घालायला दिले, वाटीत कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि तिच्या उजव्या हाताच्या बोटांना फासलं. म्हटलं, हा समज पहिल्या पेशंटचा ड्रेसिंगचा पू. आता तू वॉर्डात करतेस तसं सगळं कर. तिने ताटलीतून कापूस उचलला, फाइल म्हणून वही उघडली, पेन घेतलं, फ्रिज उघडला, ओढणी सारखी केली. फोन वाजला तो घेतला. मग दुसरा पेशंट म्हणून माझा हात नाडी बघायला धरला. पाच मिनिटांनी मी दिवा लावून तिला दाखवलं. फ्रिजच्या मुठीवर लाल, पेनावर लाल, ओढणीवर चार बोटं, फोनच्या काचेवर अंगठा आणि माझ्या मनगटावर गोल कडं. त्यानंतर ग्लोव्ह्ज काढायला सांगितले. घाईने ओढून काढले तसं तिच्या स्वतःच्या मनगटालाही लागलं. बिचारी कितीतरी वेळ फोनच्या काचेकडे बघत होती.

ग्लोव्ह्ज तुमचा हात वाचवतात, तेही बऱ्याच अंशी. दुसऱ्या पेशंटला ते वाचवत नाहीत. त्याच्या दृष्टीने तुमचा ग्लोव्ह म्हणजे तुमचा न धुतलेला हातच. शिवाय रबरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, आत घाम साचतो, त्या ओलाव्यात हातावरचे जंतू वाढतात आणि काढताना बाहेरचं हाताला लागतं. म्हणून ग्लोव्ह्ज घालण्याआधी हात साफ आणि काढल्यावर पुन्हा साफ. एका पेशंटला एक जोडी. त्याच पेशंटची लघवीची पिशवी रिकामी करून सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला, हात लावायचा असेल, तर त्याच पेशंटला दुसरी जोडी. वरून सॅनिटायझर चोळायचं तर अजिबात नाही. हे ग्लोव्ह्ज एकदा वापरून टाकण्यासाठी बनवलेले असतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांबरोबरच हे स्पष्ट सांगून ठेवलं आहे. पैसे वाचतात म्हणणाऱ्याने एका जोडीची किंमत आणि जखम चिघळलेल्या पेशंटच्या जास्तीच्या आठ दिवसांचं बिल शेजारी ठेवून बघावं.

नातेवाईकही हेच बोलतात. परवाच एक जण मला म्हणाले, "सिस्टर, दस्ताने तो पहन रखे हैं, फिर क्या दिक्कत?" त्यांना ठाऊक नसणं मी समजू शकते. पण नर्सिंगच्या मुलींना हे कुणी लिहून पाठवावं?

सुईचा मुद्दा माझ्या फार जवळचा आहे. २००३ साली मी नवीन नवीन एका खासगी नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करत होते. इंजेक्शन दिलं आणि सवयीने सुईला टोपण परत लावायला गेले. दिवा मिणमिणता, डोळ्यांवर झोप. सुई टोपण चुकवून डाव्या हाताच्या तर्जनीत शिरली. इन्चार्ज सिस्टर धावत आल्या, माझं बोट धरून पिळ पिळ पिळलं. काळंनिळं झालं. वरून स्पिरिट ओतलं, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. तुझं लग्नाचं बघतायत ना घरी?" कुठे नोंद झाली नाही, पेशंटचं रक्त तपासलं गेलं नाही, मला औषध मिळालं नाही. हिपॅटायटिस बीची लससुद्धा मी घेतलेली नव्हती. पुढचे तीन महिने मी घरात माझा पेला वेगळा ठेवत होते आणि आईला कारण सांगू शकत नव्हते. शेवटी एकटीच सरकारी केंद्रात जाऊन तपासून आले. रिपोर्ट चांगला आला, पण ते तीन महिने मी कुणाला देणार नाही.

त्या सिस्टर दुष्ट नव्हत्या, त्यांनाही कुणीतरी तसंच शिकवलं होतं. आज वीस वर्षांनंतर तेच एखाद्या फॉरवर्डने वाटावं याचा मला संताप येतो.

तर सुई टोचल्यावर काय करायचं ते नीट वाचा. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, स्पिरिट, डेटॉल, ब्लीच काही लावू नका. पिळल्याने जंतू बाहेर येतात याला कसलाही आधार नाही. उलट तिथली कातडी दुखावते. नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, सूचनाही हेच सांगतात. मग लगेच, ड्यूटी संपेपर्यंत न थांबता, कळवा. एचआयव्ही रोखणारं औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही आणि ते २८ दिवस पूर्ण घ्यायचं असतं. बोभाटा न करण्याचा सल्ला नेमके हे तास खातो.

'हवेत लगेच मरतो' हे वाक्य तर सगळ्यांत फसवं. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याचा धोका हजारात तीनच्या आसपास असतो, हे खरं आहे. पण रक्तात एकटा एचआयव्ही नसतो. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रक्ताची सुई टोचली तर हाच धोका शंभरात सहा ते तीसपर्यंत जातो. आणि हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस टिकतो. सात दिवस! ट्रॉलीवर सुकलेल्या डागाकडे बघून 'वाळलंय, आता काय होतंय' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

टोपण परत लावायचंच नाही. सुई कटरमध्ये घाला, कटर हाताच्या अंतरावर हवा. नसेल तर मागा, पुन्हा मागा.

इम्युनिटी आणि लसीचं उत्तर वर निम्मं आलंच. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, आणि तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांत अँटिबॉडीची तपासणी. ती दहा mIU/mL किंवा त्याहून जास्त आली म्हणजे झालं. कितीतरी मुली दोन डोस घेऊन तिसरा विसरतात. राहिलं रोज जंतूंत वावरण्याचं. वॉर्डातला क्लेबसिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखा जंतू धडधाकट नर्सला बहुतेक वेळा काहीच करत नाही. तो तिच्या हातावर बसून व्हेंटिलेटरवरच्या म्हाताऱ्यापर्यंत जातो. नर्स ठणठणीत राहिली म्हणजे हात स्वच्छ होते, असं त्यातून सिद्ध होत नाही.

सॅनिटायझरच्या बाबतीत मात्र अर्धं मान्य करावं लागतं. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचा हॅण्डरब साबणापेक्षा जलद आणि जास्त परिणामकारक आहे, कातडीही कमी फाटते. वीस ते तीस सेकंद पुरतात, साबण-पाण्याला चाळीस ते साठ लागतात. पण 'केव्हाही' हा शब्द चुकीचा. हाताला रक्त, पू, शी लागली असेल तर साबण-पाणीच. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या जुलाबाचा पेशंट असेल तरीही साबण-पाणीच, कारण त्याच्या बीजाणूंना अल्कोहोल मारत नाही. आणि अंगठी, बांगड्या काढून. नवीन लग्न झालेल्या मुलींना हे जड जातं, मला माहीत आहे. मी स्वतः हिरवा चुडा ड्यूटीआधी उतरवून डब्यात ठेवत होते आणि सासूबाईंना ते समजावायला मला महिना लागला. बांगड्यांच्या खाली हात धुतलाच जात नाही, दुसरं काही कारण नाही त्याला.

आता शेवटचा मुद्दा, की पास झालेल्या नर्सला शिकवणं हा अपमान. हात धुण्याचे पाच क्षण कोणते, ते व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, कोणतीही मुलगी घडाघडा म्हणून दाखवते: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीसारख्या द्रवांशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर, त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. प्रश्नावलीत सगळ्या 'नेहमी' वर खूण करतात. मग कुणी वॉर्डाच्या कोपऱ्यात उभं राहून मोजलं की आकडा घसरतो. जगभर हेच दिसलं आहे.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ अशी मोजणी केली, वीस हजारांहून जास्त प्रसंग. हा अभ्यास २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुरुवातीला, स्वित्झर्लंडमध्ये, पाण्याची, साबणाची, पैशांची कमतरता नसताना, शंभरातल्या ४८ वेळाच हात साफ केले जात होते. त्या लोकांना माहिती नव्हती असं कोण म्हणेल? मग त्यांनी हॅण्डरबच्या बाटल्या पलंगापाशी आणि खिशात दिल्या, पोस्टर लावले, वारंवार मोजून ज्याचं त्याला दाखवलं. तीन वर्षांत ४८ चे ६६ झाले आणि दवाखान्यात होणाऱ्या इन्फेक्शनचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. आणखी एक: सुधारणा नर्सेस आणि मदतनिसांत झाली, डॉक्टरांत फारशी झाली नाही. हे आमच्याकडच्या मोठ्या साहेबांनीही वाचावं. विद्यार्थिनी वर्गात काय ऐकते त्यापेक्षा राऊंडला पुढे चालणारा माणूस काय करतो ते बघून शिकते.

यावरूनच इंदूरचं बोलते. देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा आपला पहिला नंबर आला, सातव्या वेळी सुरतेसोबत. मला त्याचा अभिमान आहे. पण रस्ता झाडल्याने कॅथेटर, म्हणजे पेशंटच्या शरीरात घातलेली नळी, निर्जंतुक होत नाही. घरी ओला-सुका अचूक वेगळा करणारी मुलगी वॉर्डात सुई पिवळ्या पिशवीत टाकते आणि ती सफाईवाल्या बाईच्या हातात घुसते. सुई पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, सिरिंज आणि ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काचेची बाटली निळ्या. मात्र इंदूरची एक गोष्ट दवाखान्यांनी जरूर उचलावी. कचरा वेगळा करावा हे लोकांना आधीही माहीत होतं. गाडी रोज दारात येऊन उभी राहायला लागली, तेव्हा हातांची सवय बदलली. पंचवीस पलंगांना एक बेसिन आणि तेही दुसऱ्या टोकाला, रात्री दोन नर्सेस, असं असेल तर प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून काय होणार? बाटली पलंगाच्या पायाशी हवी.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. भाऊजींनी वाचून आपला फॉरवर्ड काढून टाकला, त्यांचे आभार. भाचीने कुंकवाने माखलेल्या ग्लोव्ह्जचा आणि फोनच्या काचेचा फोटो बॅचच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात तिच्या वर्गातल्या एका मुलीने तिला वेगळा मेसेज केला. तिला मागच्या महिन्यात सुई टोचली होती. तिने बोट पिळलं, स्पिरिट लावलं आणि कुणाला सांगितलं नाही. लसीचा तिसरा डोस झालाय की नाही ते तिला आठवत नाही. औषधाचे ७२ तास कधीच गेले, पण तपासण्या करता येतील, लस देता येईल. उद्या सकाळी नऊला मी तिला घेऊन जाणार आहे.